येळवशीची हाक

मार्गशीर्ष उतरणीला लागला की धाराशिवच्या बाजारात हिरव्या शेंगांचे ढीग दिसायला लागतात. वाटाणा, वाल, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, मेथी, कांद्याची पात, बोरं, ओली चिंच. बाया एकाच ढिगापाशी थांबत नाहीत, सगळ्यातलं थोडं थोडं पिशवीत टाकत पुढं सरकतात, कारण भज्जीला, म्हणजे बेसनात शिजवलेल्या मिश्र भाजीला, सगळंच लागतं. परवा ऑफिसातून येताना मीही पिशवी भरली. घरी येऊन ओट्यावर पालथी केली आणि मग डोक्यात उजेड पडला की एवढी भज्जी खाणार कोण? घरात मी एकटी. शेंगा सोलत बसले खरी, पण तुरीच्या शेंगेचा तो कच्चा, ओलसर वास नाकात गेला. गेल्या वर्षीचा सगळा हंगाम त्या वासासोबत घरात येऊन बसला.

पंचांगात तिला वेळ अमावस्या म्हणतात. आम्ही येळवस म्हणतो. पुण्यामुंबईच्या माणसाला हा सण समजावून सांगताना माझी फार दमछाक होते, कारण त्यात देऊळ नाही, मिरवणूक नाही, काही विकत आणून लावायचं नाही. ज्वारी कमरेला लागलेली असते, हरभरा फुलात असतो, थंडी हाडात शिरलेली असते. त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होतात आणि माणसं रानात जातात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून त्यांची लहानशी कोप करायची, आत चुना लावलेले दगडाचे पांडव मांडायचे, आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन पिकाभोवती हिंडायचं, 'ओलगे, ओलगे' म्हणत पिकावर आंबील शिंपडायची. आणि मग जेवायचं. भज्जी, ज्वारीचे उंडे, भरीत, गव्हाची खीर, शेंगदाण्याची पोळी. स्वतः बसण्याआधी मात्र एक काम असतं. रस्त्यानं जो कुणी जात असेल त्याला हाक मारून रानात आणायचं आणि पहिलं पान त्याला वाढायचं. तो कोण, कुठला, हे त्यानं पाणी पिऊन झाल्यावर विचारायचं.

ही हाक मारायचं काम आमच्या घरी अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. वडील लवकर गेले, त्यामुळं भाऊ कमी आणि बाप जास्त. जळकोटकडून आमच्या गावाला जाणारा डांबरी रस्ता आमच्या रानाला चिकटून जातो. येळवशीला अण्णा डोक्याला पटका बांधून वरच्या बांधावर उभे राहायचे आणि रस्त्यावर नजर लावायचे. सायकलवाला, मोटारसायकलवाला, बकऱ्या घेऊन चाललेली म्हातारी, कुणी सुटत नसे. एकदा त्यांनी चक्क एसटी थांबवली. ड्रायव्हर काचेतून डोकं काढून म्हणाला, "अवं काका, गाडीत पाशिंजर हायत."

"मंग त्यास्नी काय वरच ठिवतो व्हय? उतरीव सगळ्यास्नी!"

अख्खी गाडी रानात जेवली. वहिनींना भज्जी कमी पडेल की काय याचा असा घोर लागला की त्या दिवसभर अण्णांशी धड बोलल्या नाहीत. संध्याकाळी अण्णा म्हणाले, "आगं, आपल्या रानावरनं मानूस उपाशी गेला तर पीक कशाला घ्यायचं?" असली वाक्यं ते सहज बोलायचे. आम्ही हसायचो. आता ती आठवली की हसू येत नाही.

आमचं रान उताराचं. वर रस्ता, खाली ओढा, आणि त्या उतारावर वडिलांनी आणि त्यांच्या वडिलांनी घातलेले आडवे बांध. रुंद, गवताचे, चांगली बैलगाडी जाईल एवढे. मधल्या बांधावर बोरीचं झाड होतं, त्याच्याखाली आमची कोप मांडायची. ते बांध माझ्या लहानपणाचे अर्धे मालक. तिथंच भाकरी खायची, तिथंच गवत कापायचं, साप निघाला की तिथूनच पळायचं. पाऊस जोराचा आला की प्रत्येक बांधापाशी पाणी थांबायचं, गढूळ व्हायचं, मग निवांत मुरायचं. ते पाणी तिथं का थांबतं हे कुणी कधी विचारलं नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला, तुम्ही दिवसभर काय करता, असं कुणी विचारतं का?

मग सोयाबीन आलं. ते एकदम नाही आलं, पण आलं तेव्हा सगळं व्यापून बसलं. आधी ज्वारी एका तुकड्यावर सरकली, मग बांधाच्या कडेला, मग फक्त येळवशीपुरती, कोपीला पेंढ्या हव्यात म्हणून. एकरी किती पिकलं त्याला आमच्याकडं उतारा म्हणतात. पूर्वी दोन माणसं भेटली की पाऊसपाणी विचारायची, आता उतारा विचारायला लागली. कुणाचा किती पडला, कुणी कुठलं बी आणलं, कुणी काय फवारलं. अण्णा या सगळ्यात तरबेज. ते कुठल्याही गोष्टीत मागं राहणाऱ्यांतले नव्हतेच. शिवारफेऱ्यांना जायचे, ऐकून यायचे, करून बघायचे. आणि एका उन्हाळ्यात त्यांनी पोकलेन बोलावून सगळे आडवे बांध काढले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. बांधानं जागा खाल्लीय. ट्रॅक्टरला सारखं वळावं लागतं. वरपासून खालपर्यंत पेरणीच्या ओळींचे सरळ तास गेले तर पेरणी एका दमात होते आणि बांधाखालची, कित्येक वर्षं न पेरलेली माती पिकाला मिळते. त्यात खोटं काहीच नव्हतं. बोरीचं झाड पडलं तेव्हा वहिनी तिथं उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आता भाकर कुटं बसून खायाची?" अण्णा हसून म्हणाले, "घरी बसून खाऊ की, डायनिंगवर."

त्या वर्षी उतारा असा पडला की शेजारपाजारची माणसं रान बघायला आली. तालुक्याच्या ठिकाणी अण्णांचा सत्कार झाला. मीही गेले होते, नवी साडी नेसून, पहिल्या रांगेत. व्यासपीठावरचे पाहुणे म्हणाले की लोकसंख्या वाढतेय, जमीन वाढणार नाही, तेव्हा आहे त्या जमिनीतून जास्त काढणारा हा शेतकरीच देशाला आणि उद्या जगालाही पोसणार आहे. टाळ्या झाल्या. अण्णांच्या खांद्यावर शाल पडली आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला रडू आलं, अभिमानाचं. ते खोटं नव्हतं, आजही मला त्याची लाज वाटत नाही. पाहुण्यांचं बोलणंही खोटं नव्हतं. जास्त पिकवायला हवंच. फक्त ते कशातून पिकतं, ते त्या दिवशी कुणाच्या बोलण्यात आलं नाही.

मी सरकारी धान्य गोदामात कारकून आहे. अन्नसुरक्षा हा शब्द मी नोकरीत लागल्यापासून इतक्या कागदांवर वाचलाय की तो मला शब्द वाटतच नाही, शिक्का वाटतो. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून ती सुरक्षा दिसते. गव्हाच्या, तांदळाच्या पोत्यांच्या थप्प्या, वर बसलेली कबुतरं, तागाचा कोंदट वास. गहू पार उत्तरेकडून येतो, तांदूळ कुठल्या कुठून. आणि आमच्या जिल्ह्यातलं सोयाबीन तेलाच्या गिरणीत जातं, त्याची पेंड कोंबड्यांना जाते, जहाजात बसून परदेशी जाते. म्हणजे आमच्या गावची माणसं जे पिकवतात ते खात नाहीत आणि जे खातात ते पिकवत नाहीत. यात वाईट काय, असं मी स्वतःलाच पुष्कळदा विचारलंय. दुष्काळात याच पोत्यांनी माणसं जगवली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तरी दुपारी डबा उघडून त्या थप्प्यांकडं बघत पोळी खाताना मला कधीकधी ज्वारीच्या भाकरीची आठवण येते आणि पोळी घशाखाली उतरायला पाण्याचा घोट लागतो.

तो पाऊस गेल्या वर्षी भाद्रपदात आला. सोयाबीन शेंगांनी भरलेलं होतं, काढणीला थोडकेच दिवस होते. पाऊस थांबेना. वहिनींचा फोन यायचा आणि मधेच तुटायचा. शेवटच्या फोनवर त्यांनी सांगितलं, "वढ्यानं वाट सोडली. रस्त्यावरचं पानी बी आपल्याच रानात उतराय लागलंय." मग दोन्हीकडचा संपर्कच गेला.

रस्ता सुरू झाल्यावर मी गेले. मला वाटलं होतं, पीक झोपलेलं असेल, सडलेलं असेल, चिखल असेल. चिखलसुद्धा नव्हता. वरपासून खालपर्यंत, ज्या सरळ तासांचं कौतुक झालं होतं त्याच वाटेनं पाणी गेलं होतं, आणि जाताना माती घेऊन गेलं होतं. खाली पिवळा मुरूम आणि धोंडे उघडे पडले होते. इतकी वर्षं आम्ही या दगडांवर राहत होतो आणि ते मला माहीत नव्हतं. मधला बांध जिथं होता तिथं बोरीचं एक जुनं मूळ तेवढं दगडाला धरून राहिलं होतं.

अण्णा त्या मुरमात पाय रोवून उभे होते. मी जवळ गेले तरी त्यांनी वळून बघितलं नाही.

"अण्णा, पीक काय, पुढल्या साली येईल," मी म्हणाले. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"पीक ग्येलं आसतं तर म्या रडलो बी नसतो, सुमे. माती ग्येली. माती कुटनं आनू?"

ते रडत नव्हते. मीच रडत होते.

मदतीचं धान्य आमच्याच गोदामातून सुटलं. मी कागद केले, ट्रक भरले गेले, ताडपत्र्या बांधल्या गेल्या. त्यातला एक ट्रक जळकोटच्या बाजूला जाणार होता. आजवर असे किती ट्रक मी खिडकीतून जाताना पाहिले असतील, पण त्या दिवशी उठून फाटकापर्यंत गेले. पुढच्या रविवारी गावी जेवायला बसले तेव्हा वहिनींनी पोळी वाढली. अण्णांनी घास मोडला आणि विचारलं, "तुझ्या गोदामातला गहू हाय का गं?"

"व्हय."

"बरा हाय," ते म्हणाले आणि खाली मान घालून जेवत राहिले. त्या 'बरा हाय'नं मला जे लागलं ते मुरूम बघूनही लागलं नव्हतं.

ती माती गेली कुठं, हे दिवाळीच्या सुमारास कळलं. आमच्या रानाखाली, ओढ्याच्या वळणावर शिवप्पामामांचा तुकडा आहे. शिवप्पामामा लिंगायत, घरात कानडी बोलणारे, हायवेला त्यांचं किराणा दुकान. त्यांचं रान सखल आणि खडकाळ, गाव त्याला गोट्याचं रान म्हणायचं. अण्णाच त्यांना चिडवायचे, "शिवप्पा, तुज्या रानात पीक कमी आन् धोंडे ज्यास्त. दुकानात धोंडेच इकाय ठिव." पाणी वळणावर येऊन मंदावलं आणि वाहून आणलेला सगळा गाळ तिथं टाकून गेलं. काळाभोर, मऊ, घोट्याइतका. शिवप्पामामांनी वापसा आल्याबरोबर, ओल पेरणीजोगी होताच, त्यात ज्वारी पेरली, आणि ती अशी उठली की रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून बघायचा. अण्णांनी तो रस्ताच सोडला. गावात जायचं तर ते लांबच्या पांदीनं जायला लागले.

घरात त्यांचं बोलणं बंद झालं होतं. मुलगा महेश पुण्यात होता, तो म्हणत होता, इकडे या, सोसायटीत वॉचमनची जागा आहे, ओळखीनं देतो. अण्णा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. अण्णा गाव सोडतात की राहतात, हे आमच्यातल्या कुणालाच विचारायचं धाडस होत नव्हतं. येळवस जवळ आली तेव्हा वहिनींनी मला फोन करून बोलावून घेतलं. "तुमी या. तुमचं आयकतील. ह्यंदा येळवस न्हाय म्हनतेत."

मी आदल्या दिवशीच गेले. अण्णा ओसरीवर बसलेले.

"कोप कशावर मांडू?" त्यांनी मलाच विचारलं. "आन् आंबील कशाला पाजू? धोंड्याला?"

सकाळी मात्र वहिनींनी काही न विचारता आंबील केली, मूठभर भज्जी केली, डबा बांधला आणि म्हणाल्या, रानात नको तर नको, बोरीच्या मुळापाशी तरी दिवा लावून येऊ. त्यावर अण्णा उठले. आम्ही तिघं डांबरी रस्त्यानं चाललो. दोन्ही बाजूंच्या रानात कोपी उभ्या होत्या, धूर निघत होता, माणसांचे आवाज येत होते. अण्णा मान खाली घालून भरभर चालत होते. आणि तेवढ्यात खालून हाक आली.

"अण्णा! बर्री, बर्री! जेवाय या!"

शिवप्पामामा त्यांच्या ज्वारीत उभे राहून दोन्ही हात हलवत होते. अण्णा रस्त्यात थबकले. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मला कळलं की या माणसाला आयुष्यात कुणी अशी हाक मारलेलीच नाही. येळवशीला रस्त्यावरून जाणारा माणूस ते कधी झालेच नव्हते. नाही म्हणायची सोय नसते, त्या दिवशी कुणी हाक मारली तर जायचंच, हा नेम त्यांनीच गावभर पाळायला लावलेला. ते उतरले.

ज्वारीत शिरताच अण्णा खाली बसले. त्यांनी मातीचं ढेकूळ उचललं, चुरगाळलं, वास घेतला. मग त्यांचा हात थांबला. ज्वारीच्या दोन तासांमध्ये सोयाबीनची झाडं उगवली होती. थंडीनं खुरटलेली, चारदोन शेंगा धरलेली. मातीबरोबर अण्णांच्या शेंगाही वाहून आल्या होत्या आणि त्यातले काही दाणे इथं रुजले होते. सगळं रान स्वच्छ खुरपलेलं, तणाची काडी नाही, पण सोयाबीनचं एकही झाड उपटलेलं नव्हतं.

"ही का ठिवली?" अण्णांनी विचारलं. "ज्वारीला तरास हुईल."

शिवप्पामामा ओशाळल्यासारखे झाले. "तुमचं पीक हाय ते अण्णा. म्या कसं उपटू?" मग जरा थांबून म्हणाले, "ज्वारी निघाली की ट्रॅक्टर लावा. माती तुमची, तुमी घिऊन जावा. म्या नगं म्हननार न्हाय."

"बसल्याली माती उकरतो व्हय कुनी?" अण्णा म्हणाले. "ऱ्हाऊ दे. हितं पिकतीय न्हवं."

शिवप्पामामांनी आंबिलीचं मडकं आणून अण्णांच्या हातात दिलं. "मंग शिंपा तरी तुमी. तुमच्या हाताची सवय हाय तिला."

अण्णांनी पटका सोडून पुन्हा बांधला. मडकं डोक्यावर घेतलं आणि ज्वारीच्या कडेकडेनं निघाले. 'ओलगे, ओलगे.' पहिल्यांदा आवाज नीट निघाला. पलीकडच्या कोपऱ्यात गेल्यावर तो फाटला आणि नंतर नुसता आंबिलीचा शिंतोडा पानांवर पडल्याचा आवाज ऐकू येत राहिला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. शिवप्पामामा कोपीतल्या पांडवांकडं बघत राहिले, जणू ते हलतील.

जेवायला बसलो. भज्जी चांगली झाली होती. अण्णांनी घास उचलला आणि रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. हातातला घास तसाच ठेवून अण्णा ताडकन उभे राहिले आणि जुन्या आवाजात ओरडले, "ओ पाव्हनं! कुटं निगाला? जेवाय या!"

मोटारसायकल थांबली. आणि अण्णांना आठवलं की रान आपलं नाही. उचललेला हात तसाच राहिला. असं शरमलेलं तोंड मी त्यांचं कधीही बघितलं नव्हतं. ते शिवप्पामामांकडं वळून काहीतरी पुटपुटले.

"आवं, बोलवा की," शिवप्पामामा म्हणाले. "पान वाढतो."

तो अनोळखी माणूस आला, पोटभर जेवला आणि जाताना अण्णांना हात जोडून म्हणाला, "काका, रान लई झ्याक हाय तुमचं." कुणीही त्याची चूक दुरुस्त केली नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात अण्णांनी तळ्यातला गाळ आणून टाकायला सुरुवात केली. गावानं हात लावला, शिवप्पामामांनी ट्रॉली दिली. पण मुरूम गाळ पिऊन टाकायचा आणि पुन्हा पिवळाच दिसायचा. एक बांध मात्र त्यांनी घातला. मधला, जुन्या जागी, बोरीच्या मुळाला धरून. मातीच नसलेल्या रानाला बांध. लोक म्हणाले, आता हा कशाला? अण्णा म्हणाले, पुढं कवा तरी माती यील, तिला थांबाय जागा पायजे. आणि पेरणीच्या तोंडावर ते आणि वहिनी पुण्याला, महेशकडं गेले.

शेंगा सोलून झाल्या तेव्हा मी अण्णांना फोन लावला. मागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

"जेवला का, अण्णा?"

"हे काय, डूटीवर हाय." मग म्हणाले, "सुमे, हितं माजं काम लई उलटं हाय बग. गेटावर उभा ऱ्हायचं आन् येनाऱ्या मानसाला आडवायचं. कोन, कुटला, कुनाकडं, समदं पैलं इचारायचं. पानी बी न इचारता."

मी ओट्यावरची टरफलं गोळा करू लागले. मग त्यांनीच विचारलं,

"शिवप्पाची ज्वारी कशी हाय ह्यंदा?"

"चांगली हाय म्हणतात. उद्या जाणार आहे मी, भज्जी घेऊन."

"जा. आन् शिवप्पाला सांग, रस्त्यावर ध्यान ठिव म्हनावं. त्यो जेवाय बसला की खालीच बघतो. मानसं निगून जातेत." बोलता बोलता ते थांबले. कुणीतरी गेटाशी आलं होतं. फोन कानाला तसाच होता, आणि मला अण्णांचा आवाज ऐकू आला, हलका, ओळख न दाखवणारा, "थांबा सायेब. कुनाकडं जायाचं हाय?"